शंभरच्या वर नाही

माझं काम कॅटलॉगसाठी भांड्यांचे फोटो काढायचं. भांडी हलत नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, शंभरच्या वर न्यायची वेळच येत नाही. वर नेला की फोटोत बारीक दाणे दिसतात, आणि दाणे दिसले की माझं डोकं फिरतं.

घरीही माझा तोच हट्ट. ट्रायपॉड लावून, दिव्याच्या उजेडात शंभरवर फोटो काढायचा म्हणजे शटर अर्धा सेकंद उघडं राहणार. आमची लेक भिंगरी कुठली अर्धा सेकंद एका जागी थांबायला! "हलू नकोस गं!" असं मी ओरडेपर्यंत ती सोफ्यावरून उडी मारून पसार. बायको मात्र जुन्या फोनवर खुशाल टिपत बसायची. एकदा तिनं एक फोटो कौतुकानं दाखवला: भिंगरी पोट धरून हसतेय, पडलेल्या दाताचं खिंडार दिसतंय.

"काय हे! नुसती वाळू ओतलीय. डिलीट कर," मी म्हटलं.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि भिंगरी गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून काल मी सहा वर्षांचे सगळे फोटो उघडले. सोफा स्वच्छ, पडद्यावरची फुलं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. आणि मधोमध एक पुसट फराटा, ती आमची मुलगी.

"तुझ्या फोनमधला तो हसरा फोटो दे ना," मी बायकोला म्हटलं.



ती रागावलीसुद्धा नाही. "तू म्हणालास ना, डिलीट कर... म्हणून मी सगळेच केले रे."