थांबता काटा

घड्याळाचं झाकण निघालं तसा त्याने आधी वास घेतला. मग भिंग डोळ्याला लावलं.

“वास कसला घेता?” समोर बसलेल्या काकूंनी विचारलं.

“आत ओल शिरली असेल तर नाकाला आधी कळतं, काकू.”

तो जुन्या सोन्याच्या घड्याळांचा दलाल. मेहुण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. बसायचा म्हणजे पूर्वी. मागच्या वर्षी त्याने एक सोंग उचलून आणलं, वरून सोनं आणि आत भलत्याच घड्याळाची चक्रं. ज्याला विकलं त्याने ते भर दुकानात त्याच्या तोंडावर फेकलं. तेव्हापासून मेहुण्याने त्याला मागच्या खोलीत पट्टे शिवायला बसवलं होतं. बायकोच्या माहेरचं अन्न असंच असतं, घशाखाली उतरताना टोचतं. आजचं घड्याळ खरं निघालं तर तो पुन्हा गल्ल्यावर. खोटं निघालं तर दुकानाची पायरी चढू नकोस, असं मेहुण्याने त्याच्या बायकोदेखत बजावलं होतं.

म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बघत होता. झाकणाच्या आत सोन्याचा शिक्का होता, ठसठशीत. पट्टा अडकवायचे कान जाडजूड होते. नाहीतर लोक चकाकीच्या हौसेपायी पॉलिश मारून मारून सोनंच उडवतात. तबकडी मूळची, पिवळी पडलेली. नव्याने रंगवलेली असती तर अक्षरं फुगलेली दिसली असती, थोराड बाईने ओठ रंगवावेत तशी. कडेने बारीक लाल आकडे होते.

“हे नाडीचे,” तो म्हणाला. “डॉक्टर लोक वापरायचे पूर्वी. खटका दाबायचा, ठोके मोजायचे, काटा थांबवायचा.”

“ह्यांनी कुणाची नाडी नाही बघितली कधी,” काकू म्हणाल्या. “मला मोजायचे. पाणी मागितलं की खटका दाबायचे. मी पेला घेऊन आले की परत दाबायचे, आणि किती वेळ लागला ते मोठ्याने वाचायचे. चार माणसांत सुद्धा.”

तो हसला. काकू हसल्या नाहीत, तेव्हा त्यानेही हसू गिळलं.

नवऱ्यामागे कपाटं रिकामी करणाऱ्या बायका त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. काही रडायच्या, काही भाव वाढवायच्या. ह्या दोन्ही करत नव्हत्या. फोनवर मात्र त्यांनी खोदून खोदून विचारलं होतं. काय काय तपासता, किती वेळ लागतो, घरात आवाज असला तर चालतो का. त्याच्याआधी दोघं येऊन गेले होते. त्यांनी घड्याळ उलटसुलट करून लगेच पाकिटाला हात घातला, म्हणून काकूंनी त्यांना वाटेला लावलं. घाईच्या माणसाला मी वस्तू देत नाही, म्हणाल्या होत्या. त्याला तेव्हा फार बरं वाटलं होतं. कामाची कदर करणारं कुणी बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

“यावर आणखी कुणाचा हक्क नाही ना?” त्याने विचारलं.

“मीच उतरवलं त्यांच्या मनगटावरून. आता त्यांना काय करायचंय.”

त्याने मान हलवली आणि झाकण बसवलं. आता आवाज ऐकायचा होता. पण पडद्यापलीकडून, आतल्या खोलीतून मघापासून घरघर येत होती. पंप असावा, नाहीतर जुना फ्रिज.

“काकू, ते मशीन जरा बंद करता? टिकटिक ऐकू येत नाही. एकसारखी नसली तर आत झीज आहे समजायचं.”

“बंद करू म्हणता?”

“काम होईपर्यंत फक्त.”

“बरं. तुम्ही म्हणता म्हणून.”

काकू आत गेल्या. घरघर थांबली. बाहेर येऊन त्यांनी खुर्ची पडद्याला लागून ओढली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

त्याने घड्याळ कानाला लावलं. टिकटिक स्वच्छ होती. त्याने खटका दाबला, लांब काटा निघाला. मिनिटं मोजायची छोटी तबकडी खाली वेगळी होती, तिच्यातल्या काट्याची एक फेरी म्हणजे अर्धा तास. बाकीचे दलाल दोन-चार मिनिटं बघून सोडतात. मागचं सोंग अर्ध्या फेरीनंतर अडलं होतं, आणि तेवढं थांबायचा त्याने तेव्हा कंटाळा केला होता.

“अख्खी फेरी बघावी लागेल,” तो ओशाळून म्हणाला.

“बघा की. मला कुठं जायचंय.”

थोड्या वेळाने आत लोखंडावर काहीतरी वाजलं. ठक. ठक ठक. त्याने मान वर केली.

“नळाचा पाइप आहे,” काकू म्हणाल्या. “थांबेल.”

थांबलं.

काकूंनी चहा विचारला नाही. मधून मधून फक्त काटा कुठवर आला तेवढं विचारत होत्या. तो सांगायचा, त्या मान डोलवायच्या. एकदा पदराने त्यांनी तळहात पुसले. गरम होत नव्हतं.

छोट्या काट्याची फेरी पूर्ण झाली. त्याने खटका दाबून काटा थांबवला, दुसरा दाबला, आणि दोन्ही काटे टणकन आपापल्या जागी परतले, केसभरही इकडेतिकडे नाहीत. त्याला गल्ला दिसला, गल्ल्यामागची गादी दिसली, मेहुण्याचं पडलेलं तोंड दिसलं.

“खरं आहे, काकू. शंभर टक्के खरं.”

“सगळं नीट तपासलंत?”

“काही म्हणजे काही सोडलं नाही.”

त्याने सांगितलेला भाव काकूंनी एका शब्दात मान्य केला. मग उठून आत गेल्या. घरघर पुन्हा सुरू झाली. घड्याळ मखमलीत गुंडाळायला घेतलं तोच त्यांनी पडदा बाजूला सारला. आत लोखंडी खाट होती. खाटेवर कुणीतरी उताणं निजलेलं होतं, नाकातोंडावर नळीचा मुखवटा, खाली लोंबणाऱ्या हाताशी चमचा पडलेला.

“जाता जाता ह्यांची नाडी तेवढी बघा,” काकू म्हणाल्या. “घड्याळ तुमच्या हातात आहेच. आणि श्वासाचं मशीन बंद करायलाही तुम्हीच सांगितलं होतं.”