भरलेल्या नांग्या

सकाळी सहा वाजता सोमाजी माळ्याने सदाफुलीचे वाळलेले रोप उपटले आणि बोटे झटकली. मुळाखालची माती पोळत होती. ऊन अजून निघायचे होते.

खाणीच्या मॅनेजरचा बंगला चांद्याच्या रस्त्यावर. समोर दिवसभर उन्हात राहणारा वाफा. त्यात शेंडे खुडून वीतभर राखलेली सदाफुली. हे बारावे रोप. आधीची अकराही एकाच ओळीत गेली होती, बंगल्याच्या भिंतीकडून कुंपणाकडे. कुंपणापलीकडे खाणीचे तोंड.

त्या जागी नवे रोप लावून सोमाजीने खाणीतल्या पाळीवर देखरेख करणाऱ्या ओव्हरमन गुणवंतरावांना हाक मारून आणले. वाफा भरगच्च फुललेला होता.

"कोणतं वाळलं, दाखव."

"वाळलं का मीच उपटतो, भाऊ. त्याच जागी नवीन लावतो. बाईसाहेबाईले वाफ्यात नांगी, एक बी खाली जागा, दिसली का खपत नाई."

"मंग वाळलेले कुठी हायेत?"

"चुलीत घातले. आजचं बी."

गुणवंतराव हसले. "अन् मी साहेबाले काय सांगू? फुलं लय आले म्हणून खाण बंद करा?"

"याच्या खालून खाणीची जुनी गल्ली जाते. पाय मोडाच्या आंधी मीच तिच्यातून कोळसा काढला. उरलेला पेटला हाय."

"त्या गल्लीले भिंत घालून दोन वर्षं झाले."

"भिंतीमांगंच पेटते, भाऊ. तुमाले का सांगाव लागते?"

गुणवंतरावांनी वाकून मातीवर तळवा ठेवला. वाफ्याला नुकतेच पाणी दिले होते. "गार हाय."

"बोटं खोल घाला."

गुणवंतरावांनी तळहाताचा चिखल पुसला आणि घड्याळ पाहिले. "साहेब आठले उठतीन. तवा कानावर घालतो."

पावणेसातला सोमाजीचा मुलगा पत्रू खाणीत उतरायचा दिवा घेऊन कुंपणापाशी आला. सोमाजी आडवा झाला.

"आज खाली जाऊ नको."

"काऊन?"

"सदाफुली वाळून राह्यली."

पत्रूने फुललेल्या वाफ्याकडे पाहिले, मग बापाकडे. "बाबा, हाजरीबाबूले हेच सांगू का?"

सोमाजीने त्याचे मनगट धरले. पत्रूने ते हळूच सोडवले आणि तो खाणीकडे गेला. सातचा भोंगा झाला.

साडेआठला साहेबांच्या बाई व्हरांड्यात आल्या. वाफा यंदा चांगला दिसतो, एवढे म्हणाल्या आणि आत गेल्या.

कुंपणाबाहेर, खाणीच्या वाटेवर, त्याच ओळीत सदाफुलीचे एक रोप आपोआप उगवले होते. कोणी लावलेले नव्हते. साडेनऊला त्याची पाने कोमेजून मिटू लागली. सोमाजी त्याच्याजवळ उकिडवा बसला होता. हे रोप त्याने उपटले नाही.

त्या वेळी गुणवंतराव व्हरांड्याच्या पायरीशी उभे होते. साहेबांचा चहा व्हायचा होता. पहिल्या पाळीची एकशे बारा माणसे खाली होती.