पन्नास मिनिटांचा प्रवास

"दोन विमानतळांमधलं अंतर तीनशे ऐंशी किलोमीटर, वेळ पन्नास मिनिटं!" गणिताच्या निवृत्त मास्तरांनी कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेबच मांडून दाखवला. तरी मास्तरीणबाई लेकीकडे बसनेच जायचं म्हणून हटून बसल्या. मास्तर म्हणाले, "जा बापडी आठ तास धक्के खात. तू पोचशील तेव्हा दार मीच उघडेन, चहाचं आधण ठेवून!"

सकाळी दोघं एकदमच घराबाहेर पडले. शहराबाहेरचा विमानतळ गाठायला मास्तरांना दीड तास लागला, तपासणीच्या रांगांत दोन तास गेले, आणि विमानही दीड तास उशिराच सुटलं. उडाल्यावर मात्र ते बरोबर पन्नास मिनिटांत उतरलं. मास्तरांनी शेजारच्या प्रवाशालाही घड्याळ दाखवलं. मग सामानाची वाट बघण्यात पाऊण तास गेला. लेकीचं गाव अजून तासभर लांब होतं आणि टॅक्सी काही मिळेना. शेवटी बॅग ओढत ते हमरस्त्यावर आले आणि समोर थांबलेल्या पहिल्याच बसमध्ये चढले.

तिसऱ्या रांगेतल्या मास्तरीणबाईंनी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा. तुमचं तिकीट मी सकाळीच काढलंय."