दहाव्याला आलेले साहेब

“तुझ्या आईला घडवली मीच,” आईच्या ऑफिसातले जुने साहेब तिच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसत म्हणाले. “सुरुवातीला ओरडलो की रडायची नुसती. शेवटी आठवण काढली का आमची?”

निवृत्तीनंतरही आई घरचा फोन उभी राहूनच घ्यायची. बाथरूमला जाताना बाबांना “जाऊ ना?” असं विचारायची. बाबा आधी हसायचे. मग हसायचे थांबले.

“काढली ना,” मी म्हणाले. “हॉस्पिटलमध्ये सारखी विचारायची, ‘साहेब गेले का गं? मग जरा पडते.’ शेवटी मी सांगितलं, ‘गेले.’ तेव्हा कुठे तिने डोळे मिटले.”

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी दार उघडलं.

“मला खोटं पाडू नका. उठा.”