नायिकेचा हात

चकलांब्याच्या उसाच्या फडात प्रेमाच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. नायिका ऊसतोड मजुराची लेक, म्हणून गोऱ्यापान नटीला सकाळपासून काळा रंग फासत होते. तळहातावरचे घट्टे मात्र रंगवता येईनात, तेव्हा रोज ऊस तोडणाऱ्या मनिषाला बोलावलं. “नायक हात धरतो, तो हात तुझा. तोंड पदरानं झाक,” दिग्दर्शक म्हणाला. “कावून झाकू? मी आयतीच काळी हाय की, रंग वाचंल!” “ताई, तुझा चेहरा दिसला की प्रेमकथा वाटत नाही, दुष्काळाची बातमी वाटते.” सगळे हसले. मनिषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असल्याच फडात, तिच्या डोक्यावर मोळी असताना, नवरा ह्याच तोंडावर भाळला होता. कॅमेरा सुरू झाला. नटानं हात धरला. मनिषानं हिसका देऊन तो सोडवला, तोंडावरचा पदर मागं फेकला. “आदी माझं तोंड बघ, मंग हात धर!”