काडेपेटीतला ढेकूण

देवगाव फाट्यावर एसटी अडवून काठ्या घेतलेली माणसं आत घुसली. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा जिल्हा पेटला होता. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं आडनाव सांगितलं, तसं त्याला फरफटत खाली नेलं. मागं बसलेला तरुण कीटकशास्त्रज्ञ खिडकीकडं सरकला. त्याच्या मुठीतल्या काडेपेटीत चारठाण्याच्या रानात झाडपाल्यावर सापडलेला ढेकूण होता, कुठल्याच ग्रंथात न आलेला. नव्या किड्याच्या नावापुढं शोधणाऱ्याचं आडनाव कायमचं लागतं, म्हणून सकाळपासून तो हरखला होता. त्याचं आणि म्हाताऱ्याचं आडनाव एकच होतं. "तुमचं?" काठीवाल्यानं विचारलं. "देशमुख," तो कसाबसा म्हणाला. "ती काडेपेटी द्या, आज लय काम हाय तिचं." पेटी उघडताच भ्यालेल्या ढेकणाचा उग्र वास सुटला. "ह्ये काय?" "नवा किडा आहे. मी शोधलाय." नाक दाबून काठीवाला हसला. "घराण्याचं नाव काढलं की तुमी, देशमुख."