अर्धी वाटी

"आजपासून या घरात आग्रह बंद," भय्यासाहेबांनी जेवता जेवता जाहीर केलं. "ऑपरेशननंतर पोट वाटीएवढं राहणार. 'अजून एक पोळी घ्या' असं जो म्हणेल, त्यानं ती स्वतः खावी."

वजन घटवायचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलं होतं. मुलगा तनय आणि सून प्रणोती ऐकत होते. अंजनीबाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. नवराबायको दोघंही असे भरभक्कम, की कांचघर भागातले ऑटोवाले त्यांना बसवल्यावर तिसरी सवारी घेत नसत.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. भय्यासाहेब अर्धी वाटी वरणभात अर्धा तास चावत बसत. अंजनीबाईही तेवढाच घेत. मग प्रणोती खोव्याची जलेबी पुढे करी. "नको" ऐकल्यावर तोंड पाडायचं नाही, ही तिची परीक्षा. पहिल्या आठवड्यात ती दोनदा नापास झाली.

ऑपरेशनचं भय्यासाहेबांनी फक्त कोपऱ्यावरच्या पानवाल्याला सांगितलं आणि "किसी को बताना मत" म्हणून बजावलं. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं.

शेजारच्या धनेशजींनी त्यांना फाटकाशीच गाठलं. "भैयासाहब, पेट कटवा रहे हो? मेरे साथ ग्वारीघाट तक पैदल ही चल लेते!"

"चलता तो था. लौटते में गरम तले मंगोड़े आप ही खिलाते थे."

बायकांना मात्र अंजनीबाईंचं कौतुक. नवऱ्याला सोबत म्हणून अर्ध्या वाटीवर राहणारी बायको आजकाल कुठे मिळते? अंजनीबाई लाजून आत जात.

"हिंमत आहे तिची," भय्यासाहेब गंभीरपणे म्हणत.

एका दुपारी अंजनीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, लोक किती हसून राहिले तुम्हाला."

"हसू दे." भय्यासाहेबांनी पोटावर थाप मारली. "इथे जागा भरपूर आहे."

"आणि काही कमीजास्त झालं तर?"

"काहून घाबरून राहिली? घर तयार आहे. काल प्रणोतीसुद्धा पास झाली."

ऑपरेशनच्या सकाळी इस्पितळात धनेशजींचा फोन आला. "डरना मत, भैयासाहब! पूरी कॉलनी आपके साथ है."

"मेहरबानी, भैया," भय्यासाहेब म्हणाले.

नर्सनं स्ट्रेचर आणलं. भय्यासाहेबांनी फोन बंद केला, स्ट्रेचरवर आडव्या झालेल्या अंजनीबाईंच्या बांगड्या रुमालात बांधून घेतल्या आणि कानाशी वाकून म्हणाले, "जा निर्धास्त. कॉलनीत कोणालाच पत्ता नाही."